बत्तीस घरं

मुहू बेटावर, लीवा गावात,
टपालाच्या पिवळ्या पेटीपाशी वळलं
की तिसरं घर माइमूचं.
मी वाचनालयातला, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा रेइगो.
बुधवारी सायकलनं जातो, वारा नसला तर.

एंडेलला झटका आला नोव्हेंबरात.
हात वाचला, पाय वाचला,
वाचणं तेवढं गेलं.
वर्तमानपत्र उघडलं त्यानं, म्हणाला,
मुंग्या.
आणि घडी घालून ठेवून दिलं.

पडद्यावर तर सगळ्या निळ्या चौकोनांचं तोंड एक,
प्रत्येकाखाली मुंग्यांची एक रांग.
टपाल बघायला जायचा, हिशेब उघडायचा.
चाळीस वर्षं फेरीबोटीचं इंजिन
नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस.

माइमूनं विचारलं, ही चित्रं बदलता येतात का रे?
येतात की, म्हटलं. उजवं बटण, गुणधर्म,
चिन्ह बदला, मग आपलं चित्र द्यायचं.
केवढं?
बत्तीस घरं आडवी, बत्तीस उभी.
हसायलाच लागली. एवढीच?
अरे, माझ्या एका हातमोज्याला
मनगटापाशीच याहून जास्त घरं लागतात.

चौकटीचा कागद काढला तिनं, विणकामाच्या पेटीतून,
आणि सांगत गेली, मी भरत गेलो:
चार काळी, एक पिवळं, दोन सोड,
आता सुलट ये.
(कॉम्प्युटरला उलट-सुलट नसतं, हे तिला सांगून पाहिलं.)

टपाल म्हणजे वळणावरची ती पिवळी पेटी.
इंटरनेट म्हणजे फेरीबोट,
पलीकडे जाते आणि बहुतेक वेळा परत येते.
फोटोंना धुरीच्या खोलीचं दार,
आत लोंबणारे मासे, एका घराचा एक मासा.
कचऱ्याच्या डब्याला शेजारणीची शेळी,
जी एंडेलची टोपी खाऊन बसली होती एकोणनव्वद साली.
बंद करायच्या बटणाचं अडलं.
मग तिनंच शेगडीच्या धुराड्याची झडप काढली.
विस्तव विझल्यावर ती ओढायची,
हे तो कुठल्याही झटक्यात विसरणार नाही, म्हणाली.

नाहीच विसरला.
हिवाळाभर टपाल, फोटो, झडप.
शेळीच्या तोंडात काहीबाही टाकायचा
आणि स्वतःशीच हसायचा.

मार्चमध्ये रात्रीतून एक अपडेट आलं.
सकाळी सगळं पुसलेलं, पुन्हा निळे चौकोन, पुन्हा मुंग्या.
मी पोचलो तेव्हा तो कोट घालून बसला होता पडद्यासमोर,
बोट चुकलेल्या माणसासारखा.
मूळ चित्रं मी जपून ठेवायला हवी होती.
नव्हती ठेवली. हे इथं लिहून टाकतो.

माइमूनं कागद शोधले नाहीत.
आठवणीवर सांगत गेली, मोजत,
ओठ हलवत, डोळे मिटून.
पेटी झाली, दार झालं, शेळीची शिंगं जरा वाढली.
फेरीबोट झाली.
आणि एंडेल पुढे वाकला,
काचेवर नख टेकवलं, बोटीच्या पोटाशी.

घर गळलंय.

आम्ही दोघं बघत राहिलो.
गळलं होतं. सातव्या ओळीत, डावीकडून अकरावं,
काळ्यात एक पांढरं भोक.
पन्नास वर्षांच्या संसारात
त्यानं सुई कधी हातात धरलेली नव्हती.
बसून बघायचा फक्त, संध्याकाळी, बोलायचा नाही.

माउस त्याच्याकडे सरकवला मी.
खूप वेळ गेला. कॉफी निवली.
रंगांच्या पट्टीवर हात थरथरला, घसरला,
आणि त्या घरात लाल भरलं गेलं.
काळं करू का, मी विचारलं.
माइमू म्हणाली, राहू दे.
तो काहीच म्हणाला नाही, झडप ओढली त्यानं,
पडदा विझला.

परवा खाडीवर उभा होतो मी,
अंधार पडत होता, बोट यायची होती.
लांब एक लाल ठिपका दिसला, पाण्याच्या जरा वर,
आणि मी मोजायला लागलो
डावीकडून.